चार घोडे अठराव्या वर्षी, सहा घोडे विसाव्या वर्षी

चेन्नईहून बंगळूरच्या दिशेने निघाले की चाळीसेक किलोमीटरवर श्रीपेरुंबुदूर लागते. रामानुजाचार्यांचे जन्मगाव आणि १९९१ साली राजीव गांधींची हत्या झाली ते ठिकाण, एवढी ओळख मराठी वाचकाला असतेच. त्यापलीकडे हा सारा टापू आज वाहनांचा आहे. इरुंगाट्टुकोट्टईत ह्युंदाईचा कारखाना १९९८ पासून मोटारी बनवतो. जवळच्या ओरगडममध्ये रेनॉ आहे, भारतबेंझ ट्रक बनवणारी डायम्लर आहे आणि वाहनांच्या चाचण्या घेणारे सरकारी संशोधन केंद्रही आहे. आपल्या चाकणशी या भागाचे नाते नुसत्या कारखान्यांपुरते नाही. इथून जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४८ पुढे बेळगाव, कोल्हापूर, सातारा, पुणे करत मुंबई आणि दिल्लीपर्यंत पोहोचतो. या रस्त्यावर ट्रक, ट्रेलर, कंटेनर यांची रांग असते आणि त्या रांगेत कधीमधी घोड्यांची गाडीही असते. शर्यतीचे घोडे चेन्नई, बंगळूर, पुणे, मुंबई असे हंगामाप्रमाणे हिंडतात. आपल्याकडे दत्तजयंतीला तापीकाठच्या सारंगखेड्यात भरणाऱ्या घोडेबाजारात राजस्थान-पंजाबापासूनचे घोडे येतात, तेही ट्रकमधूनच. अशी गाडी कोणी चालवावी, कोणत्या वयात आणि काय शिकून, हा प्रश्न किरकोळ वाटतो. पण त्याचे उत्तर शोधायला गेले की आपल्या वाहन परवान्यांच्या व्यवस्थेतली एक मोठी फट दिसू लागते, आणि ती फक्त घोडेवाल्यांपुरती नाही.

आधी कायदा काय म्हणतो ते पाहू. मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणे सर्वसाधारण मोटार चालवायला वयाची अठरा वर्षे पूर्ण लागतात. ‘परिवहन वाहन’, म्हणजे लोक ज्याला धंद्याची गाडी म्हणतात ती, चालवायला वीस. शिवाय हलक्या वाहनाचा परवाना किमान एक वर्ष हातात असल्याशिवाय परिवहन वाहनाचे कच्चे लायसन्सही मिळत नाही. इथे बहुतेकांचा एक समज असतो : गाडी घरची, घोडे घरचे, भाडे कोणाकडून घेतलेले नाही, मग ही खासगी गाडी, तिला धंद्याच्या गाडीचे नियम कशाला? हा समज चुकीचा आहे. कायद्यातल्या मालाच्या व्याख्येत पशुधन स्पष्टपणे धरलेले आहे आणि माल वाहण्यासाठी बांधलेली गाडी परिवहन वाहनात मोडते. ती भाड्याने फिरते की मालकाच्या हौसेने, याने तिचा वर्ग बदलत नाही. म्हणजे आपल्या मुलीच्या घोडेस्वारीच्या स्पर्धेसाठी घरचे दोन घोडे नेणारा बाप आणि रेसकोर्सचे घोडे पोचवणारा वाहतूकदार, दोघेही कायद्याच्या एकाच कप्प्यात येतात. मला हे योग्य वाटते. रस्त्यावर समोरून येणाऱ्या दुचाकीस्वाराला मागच्या हौद्यातला घोडा हौसेचा आहे की कमाईचा, याने काय फरक पडणार?

इथपर्यंत सगळे ठीक आहे. गुंता सुरू होतो तो वजनाने. ‘हलके मोटार वाहन’ या वर्गाची मर्यादा ७,५०० किलो आहे. मालगाडीच्या बाबतीत हे वजन एकूण धरायचे, म्हणजे रिकाम्या गाडीचे आणि तिला मंजूर असलेल्या भाराचे मिळून. आता एवढ्या गाडीत घोडे किती मावतात, याचा हिशेब करून पाहू. केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०१५ साली झालेली आणि १ जानेवारी २०१६ पासून लागू असलेली दुरुस्ती सांगते की जनावरांच्या गाडीत प्रत्येक घोड्याला किमान सव्वादोन चौरस मीटर जागा हवी आणि प्रत्येक जनावरासाठी स्वतंत्र कप्पा हवा. त्या गाडीतून दुसरा माल न्यायचा नाही. चार घोड्यांना नऊ चौरस मीटर लागतात. चौदा फूट लांब आणि सात फूट रुंद हौद्याचे क्षेत्रफळ जेमतेम तेवढे भरते आणि या मापाचा हौदा साधारणपणे साडेसात टनांच्या आतल्या ट्रकवर बसतो. सहा घोड्यांना साडेतेरा चौरस मीटर, म्हणजे त्याच रुंदीचा जवळजवळ एकवीस फुटी हौदा लागतो. तो ट्रक साडेसात टनांच्या बराच वर जातो. सहा हा आकडा मनाचा नाही. जनावरांच्या वाहतुकीचे १९७८ चे नियम एका गाडीत चार ते सहापेक्षा जास्त घोडे नेऊ देत नाहीत. तेव्हा घोड्यांच्या गाडीची सगळी मापे नेमकी या साडेसात टनांच्या रेषेच्या अलीकडे-पलीकडे येऊन पडतात.

या रेषेला खरे महत्त्व आले ते ६ नोव्हेंबर २०२४ रोजी. सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने बजाज अलियान्झ विरुद्ध रंभा देवी या प्रकरणाचा निकाल दिला. निकालपत्र न्यायमूर्ती हृषीकेश रॉय यांनी लिहिले. प्रश्न विम्याचा होता. हलक्या वाहनाचा परवाना असलेल्या माणसाने साडेसात टनांखालची मालगाडी चालवली आणि अपघात झाला, तर ‘चालकाकडे योग्य परवाना नव्हता’ असे म्हणून विमा कंपनी हात वर करू शकते का? न्यायालय म्हणाले, नाही. हलक्या वाहनाच्या परवान्यावर त्या वजनापर्यंतचे परिवहन वाहन चालवता येते, वेगळ्या नोंदीची गरज नाही. परिवहन वाहनासाठीच्या जादा अटी सर्वसाधारणपणे साडेसात टनांच्या वरच्या गाड्यांसाठीच आहेत. २०१७ च्या मुकुंद देवांगन निकालाने हेच सांगितले होते. घटनापीठाने तो निष्कर्ष कायम ठेवला, कारणे मात्र आपली दिली. लाखो पिकअप आणि टेम्पोचालकांच्या पोटाचा प्रश्न आणि अपघातग्रस्तांच्या भरपाईचा प्रश्न डोळ्यांसमोर ठेवला तर हा निकाल माणुसकीचा आहे, आणि कायद्याच्या मजकुरातल्या विसंगती दूर करून त्याचा एकसंध अर्थ लावण्याचे काम त्याने नेटके केले आहे. मात्र वीस वर्षे पूर्ण असण्याची अटही या जादा अटींपैकीच एक. तेव्हा निकालाचा सरळ अर्थ घेतला तर चार घोड्यांची गाडी अठराव्या वर्षी हाती येते आणि सहा घोड्यांची विसाव्या. कायद्याच्या चौथ्या कलमातले ‘वीस वर्षे’ हे शब्द अर्थात अजून तिथेच आहेत. नाक्यावरचा पोलीस कलम वाचेल, विमा कंपनीचा वकील निकाल वाचेल आणि त्या दोघांमध्ये एकोणीस वर्षांचा पोरगा उभा असेल.

मला यातला दोन वर्षांचा फरक फारसा छळत नाही. छळतो तो दुसरा फरक, ज्याची चर्चा जवळजवळ होत नाही. अठरा वर्षांच्या मुलाला हलक्या वाहनाचा परवाना मिळतो तो सातआठशे किलोच्या छोट्या मोटारीवर. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गेला असेल तर एकवीस दिवसांत किमान दहा तास प्रत्यक्ष गाडी चालवलेली असते. खासगी मोटारीच्या परवान्यासाठी स्कूलच्या दाखल्याची सक्ती नाही, त्यामुळे काकाच्या गाडीवर मैदानात शिकलेलाही पास होतो. परिवहन वाहनासाठी तीस दिवस आणि किमान पंधरा तास चालवणे, शिवाय स्कूलचा दाखला अनिवार्य. २०२१ मध्ये आलेल्या मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्रांच्या नियमांत हलक्या वाहनाचा अभ्यासक्रम २९ तासांचा आणि मध्यम व जड वाहनांचा ३८ तासांचा ठेवला आहे, आणि तिथून उत्तीर्ण होणाऱ्याला आरटीओतली चाचणी द्यावी लागत नाही. म्हणजे जड गाडी ही वेगळी विद्या आहे हे सरकार मान्य करते. प्रश्न एवढाच की ही विद्या साडेसात टनांवर अचानक सुरू होते का? सात टनांचा ट्रक आणि आठशे किलोची मोटार यांच्यात वजनाचा जवळजवळ नऊपटींचा फरक आहे. ब्रेक दाबल्यावर थांबायला लागणारे अंतर, वळणावर मागची चाके आत कापतात ते, आरशात न दिसणारा कोपरा, उतारावर इंजिनाच्या ताकदीने गाडी धरून ठेवण्याची सवय, यातले काहीही छोट्या मोटारीवर शिकता येत नाही. आणि तरी कागदावर दोन्ही एकाच वर्गात.

त्यात माल घोड्यांचा असेल तर गोष्ट आणखी अवघड होते. शर्यतीचा घोडा साडेचारशे-पाचशे किलोचा असतो. चार घोडे म्हणजे जवळजवळ दोन टनांचा जिवंत भार. सिमेंटची पोती जिथे ठेवली तिथे राहतात. घोडा मात्र उभा असतो, त्याचा भार उंचावर असतो, आणि गाडी वळली की तो तोल सावरण्यासाठी विरुद्ध बाजूला रेलतो. डोक्यावर अर्धी भरलेली घागर घेऊन चालणाऱ्या बाईला पाऊल जपून का टाकावे लागते, ते आठवले म्हणजे हा भार कसा हिंदकळतो ते समजेल. करकचून दाबलेला एक ब्रेक घोड्याचा पाय मोडायला पुरतो, आणि पाय मोडलेल्या घोड्याचे पुढे काय होते हे रेसकोर्सवर कोणाला सांगावे लागत नाही. १९७८ च्या नियमकर्त्यांना हे ठाऊक होते. हौद्यात पाय घसरू नये अशी व्यवस्था, दोन जनावरांमध्ये जाड बांबू, घोड्यांची तोंडे येणाऱ्या रहदारीपासून दूर डावीकडे आणि वेग ताशी ३५ किलोमीटरपेक्षा जास्त नाही, इतके बारकाईने त्यांनी लिहून ठेवले. आज चौपदरी महामार्गावर मालगाड्यांना ताशी ८० ची परवानगी आहे. श्रीपेरुंबुदूरच्या रस्त्यावर मागून ८० ने ट्रेलर येत असताना ३५ ने गाडी हाकायची, तीही घाबरलेले घोडे मागे घेऊन, हे काम कसलेल्या चालकाचाही कस पाहते. गंमत अशी की या नियमांत गाडी कशी असावी हे आहे, चालकाला काय यावे हे नाही. पेट्रोल-रसायनांसारखा घातक माल नेणाऱ्या चालकाला तीन दिवसांचे खास प्रशिक्षण घेऊन परवान्यावर तशी नोंद करून घ्यावी लागते. जिवंत जनावरे नेणाऱ्याला अर्ध्या दिवसाचीही अट नाही.

यावर पहिला आक्षेप घटनापीठानेच नोंदवून ठेवला आहे, आणि तो वजनदार आहे. हलक्या वाहनाचा परवाना असलेल्या चालकांनी मालगाड्या चालवल्याने अपघात वाढले, असे दाखवणारी कोणतीही आकडेवारी न्यायालयासमोर आली नाही. खरेच आहे. पण ती आली नाही, कारण ती कोणी गोळाच करत नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाचा वार्षिक अहवाल पाहा. २०२२ साली देशात ४,६१,३१२ अपघात झाले आणि १,६८,४९१ माणसे मेली. अपघातांच्या संख्येत ६४,१०५ सह तमिळनाडू पहिला होता. मृतांपैकी दोनतृतीयांश अठरा ते पंचेचाळीस वयोगटातले. या अहवालात चालकांची विभागणी आहे, पण ती पक्का परवाना, कच्चा परवाना आणि विनापरवाना अशी. पक्का परवाना असलेला चालक कोणत्या गाडीवर शिकला आणि अपघाताच्या वेळी कोणती चालवत होता, याची जोडणी त्यात नाही. मोजलेच नाही त्याचा आकडा नसणारच. त्यावरून धोका सिद्ध होत नाही हे मान्य, पण धोका नाही हेही सिद्ध होत नाही.

दुसरा आक्षेप तरुणांच्या बाजूचा आहे आणि त्याला कायद्यातच आधार आहे. अठराव्या वर्षी मतदान करता येते, सैन्यात जाता येते, मग ट्रकच का नाही? याच कायद्याचे अठरावे कलम देशाच्या संरक्षणासाठी वापरल्या जाणाऱ्या केंद्र सरकारच्या वाहनांवर अठरा वर्षे पूर्ण झालेल्यांना परवाना देण्याची मुभा देते. म्हणजे लष्करातला एकोणीस वर्षांचा जवान कायद्याने अवजड ट्रक चालवू शकतो. त्याच्याच वयाचा, गावाकडे राहिलेला मित्र सहा घोड्यांची गाडी चालवू शकत नाही. हा दुजाभाव वाटतो खरा. पण मला यातून उलटाच निष्कर्ष निघताना दिसतो. लष्कर जवानाला गाडीवर बसवते ते त्या गाडीचे प्रशिक्षण देऊन आणि वरिष्ठांच्या नजरेखाली. तिथे वय कमी चालते, कारण शिक्षण जास्त आहे. मे २०२४ मध्ये पुण्याच्या कल्याणीनगरातल्या पोर्शे अपघातानंतर महाराष्ट्रभर जी चर्चा झाली ती वय, दारू आणि पैसा यांभोवती फिरत राहिली. ते स्वाभाविक होते. पण वयाची रेघ ओढली की प्रश्न सुटला, असा जो सूर त्यातून निघाला तो मला पटत नाही. विसाव्या वाढदिवसाच्या पहाटे कोणाला ट्रक चालवता येऊ लागत नाही.

ब्रिटनमध्ये घोडा पाळणारी मध्यमवर्गीय घरे पुष्कळ, आणि साडेसात टनांची घोड्यांची लॉरी तिथे ओळखीची गोष्ट आहे. १९९७ पूर्वी तिथेही मोटारीच्या परवान्यावर ती चालवता येत असे, आपल्याकडे आज येते तशीच. १ जानेवारी १९९७ पासून त्यांनी मोटारीचा परवाना साडेतीन टनांवर आणून थांबवला आणि साडेतीन ते साडेसात टनांसाठी मधला एक वर्ग केला. अठराव्या वर्षी तो मिळतो, पण त्याची स्वतंत्र परीक्षा त्या आकाराच्या गाडीवर द्यावी लागते. त्याच्या वरच्या गाडीला एकवीस वर्षे. त्याआधी हवी असेल तर व्यावसायिक चालकाची पात्रता मिळवावी लागते. आधीचे परवानाधारक मात्र त्यांनी बाहेर काढले नाहीत. १९९७ पूर्वी पास झालेल्यांचा जुना हक्क चालू राहिला. मला या तीन गोष्टींचा मेळ आवडतो : वजनाच्या पायऱ्या, प्रत्येक पायरीला त्याच मापाच्या गाडीवर परीक्षा, आणि जुन्यांच्या पोटावर पाय नाही.

आपल्याकडेही गंमत म्हणजे अशा पायऱ्या होत्या. १९९४ च्या दुरुस्तीआधी परवान्याच्या वर्गांत मध्यम मालवाहन आणि जड मालवाहन वेगळे होते. दुरुस्तीने त्यांची मोट एका ‘परिवहन वाहन’ या शब्दात बांधली. व्यवहार सोपा करण्याचा हेतू चांगला असेल, पण त्याने वजनाऐवजी वापर हा निकष वर आणला आणि पुढची तीस वर्षे न्यायालये त्याचा अर्थ लावत बसली. घटनापीठापुढच्या सुनावणीत केंद्र सरकारने कायद्यात दुरुस्तीचा विचार चालू असल्याचे सांगितले होते. तो विचार पुढे जाणार असेल तर माझे म्हणणे एवढेच की साडेतीन आणि साडेसात टनांच्या मध्ये एक वर्ग हवा. वय अठराच ठेवा, हवे तर साडेसात टनांवरही प्रशिक्षित तरुणाला एकोणिसाव्या वर्षी येऊ द्या. पण परीक्षा त्या गाडीवर घ्या, आणि जनावरे नेणाऱ्याला घातक मालाच्या धर्तीवर एकदोन दिवसांचे शिक्षण देऊन परवान्यावर नोंद करा.

यावर वाहतूकदार म्हणतील, आधीच चालक मिळत नाहीत, त्यात नवी परीक्षा कुठे? २०१९ मध्ये परिवहन परवान्यासाठीची आठवी पास ही अट काढली तेव्हाही याच टंचाईचे कारण होते, आणि मला ती अट काढली ते बरोबर वाटते. आठवीच्या गुणपत्रिकेने ब्रेक लागत नाही. पण ती काढताना सरकारने भर कौशल्याच्या प्रशिक्षणावर देण्याचे सांगितले होते. मग साडेसात टनांखाली ते प्रशिक्षण कुठे आहे? आज पिकअप चालवणाऱ्या कोणाचाही परवाना काढून घ्यावा असे मी म्हणत नाही. ब्रिटनप्रमाणे जुन्यांना जुना नियम आणि नव्यांना नवा, एवढे पुरे. घोडे संख्येने थोडे, त्यांच्यासाठी कायदा बदलायचा का, असेही कोणी विचारील. हा वर्ग झाला तर त्याचा मुख्य फायदा घोड्यांना होणार नाही. भाजीचे टेम्पो, दुधाच्या गाड्या, बाजारात शेळ्यामेंढ्या नेणारे पिकअप, या सगळ्यांच्या समोरून चालणाऱ्यांना होईल. घोड्यांच्या गाडीत ही फट ठळक दिसते, इतकेच.

श्रीपेरुंबुदूरजवळच इरुंगाट्टुकोट्टईत मोटार शर्यतींचा ट्रॅक आहे. तिथे अल्पवयीन मुले वेगवान दुचाकी चालवतात, कारण परवान्याचा कायदा सार्वजनिक ठिकाणी लागू होतो आणि ट्रॅक बंदिस्त आहे. त्यांना हेल्मेट, सूट, डॉक्टर, प्रशिक्षक सगळे असते. तरीही ऑगस्ट २०२३ मध्ये तिथे तेरा वर्षांच्या एका स्वाराचा शर्यतीत मृत्यू झाला. इतक्या तयारीनंतरही हे होते. कुंपणाबाहेरच्या महामार्गावर तर तयारी नावाची गोष्ट चालकाच्या परवान्यातच शोधावी लागते.

कायदा बदलेल तेव्हा बदलेल. ज्यांच्या घरी घोडे आहेत आणि चालवायला उत्सुक अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा किंवा मुलगीही आहे, त्यांनी आज एक काम करावे : गाडीचे आरसी काढून त्यावरचे एकूण वजन पाहावे. ते साडेसात हजार किलोपेक्षा जास्त असेल तर वीस वर्षे पूर्ण आणि परिवहन वाहनाचा परवाना, यातून सुटका नाही. चावी देणारा मालकही कायद्याने दोषी ठरतो, आणि विमा कंपनीने अपघातग्रस्ताला भरपाई दिली तरी ती रक्कम नंतर मालकाकडून वसूल करू शकते. वजन त्याच्या आत असेल, तर निकाल तुमच्या बाजूने आहे. तरीही आधी रिकामी गाडी, मग पोत्यांनी भरलेली, आणि शेजारी जुना चालक बसवून एक घोडा, या क्रमाने मुलाला शिकवा. चार घोडे त्यानंतर.